दिव्यानीची हाक

इसरूची साक्ष दिव्यानीच्या तापापर्यंत आली, तशी ललितानं मांडीवरच्या लेकराला पदराखाली घेतलं. लेकराला भूक नव्हती. तिलाच मान खाली घालायला निमित्त हवं होतं.

सावली गावच्या प्रार्थनाघराचे पत्रे तापले होते. सतरंजीवर एकीकडं माणसं, एकीकडं बाया, आणि पुढं पांढऱ्या सदऱ्यातला तिचा नवरा, इसरू. आज त्याच्या डोक्यावर हात ठेवून मंडळी त्याला प्रभूच्या सेवेला पाठवणार होती. पार ओडिशाच्या जंगलात. बायको-पोराला सध्या नेता येणार नाही, असं ठरलं होतं. 'सध्या' म्हणजे किती, ते ललितानं विचारून पाहिलं होतं. प्रभूला ठाऊक, असं उत्तर मिळालं होतं.

"नवरदेवावानी दिसून राह्यला वो तुहा माणूस," शेजारच्या कमळाबाईनं कोपर मारलं.

"हो. वरात चालली, नवरी इथीच," ललिता म्हणाली. कमळाबाई तोंडावर पदर धरून हसली.

पुढं इसरू सांगत होता. गेल्या पावसाळ्यात तो गडचांदूरकडं खाणीवर होता, इकडं पोरगी तापानं गेली, आणि जाताना तिच्या तोंडी एकच नाव होतं.

"मी तवा प्रभूले ओळखत नव्हतो," तो म्हणाला. "माह्या इवल्या पोरीनं ओळखलं. तिनं त्याले हाक मारली. ती हाक माह्यासाठी होती."

मंडळीतून आमेन उठलं.

दिव्यानी बापाला कधी बाबा म्हणालीच नव्हती. आजी सुकरी दारात उभी राहून लेकाला 'इसू, ए इसू' अशी हाक मारायची; पोरीनं तेच उचललं होतं. घरात सगळे हसायचे. इसरू तर मुद्दाम ऐकू न आल्यासारखं करायचा, तिनं पुन्हा म्हणावं म्हणून. तापात ती तेच म्हणत राहिली. ललितानं फोन लावला. सुट्टी भेटून नाई राह्यली, उद्या येतो, म्हणाला. दुसऱ्या दिवशीही उद्याच म्हणाला. आला तेव्हा ललितानं त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. इसू इसू करत गेली, एवढंच बोलली.

काळजात रुतावं म्हणूनच बोलली होती. आणि रुतलं. इसरू जेवेना, कामावर जाईना, सकाळपासून मोहाची दारू घेऊन बसायचा. मग कोणीतरी त्याला सभेला नेलं. तिथले म्हातारे येशूला इसूच म्हणतात. परतला तो उजळलेलं तोंड घेऊन. पोरीनं कोणाले हाक मारली ते मले आज समजलं, म्हणाला, आणि ताट मागितलं. ललितानं वाढलं. बुडत्याच्या हातची काडी कोण हिसकून घेतं? पुढं पुढं तीही सभेला येऊ लागली. गाणी तिला आवडायची. गाताना रडू आलं तर कोणी कारण विचारत नसे.

त्या काडीची नाव होईल आणि तीत बसून तो एक दिवस निघून जाईल, हे मात्र तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

"बहीण ललिता," हेमराज पास्टरांनी हाक दिली. "घरच्या माणसाची साक्ष मोठी असते. तुम्ही उशाशी होता. सांगा मंडळीले, लेकरू जाताना काय म्हणालं?"

ती उठली. लेकराच्या तोंडचं दूध सुटलं, ते कुरकुरलं, तिनं त्याला खांद्यावर घेतलं. समोर इसरू तिच्याकडं बघत नव्हता. पास्टरांच्या चपलांकडं बघत होता. एक वाक्य बोललं की तो ओडिशाला जाणार नव्हता. मग कुठं जाईल, तेही तिला ठाऊक होतं. त्या दिवसांत गोठ्यातला दोर तिनं धानाच्या कणगीत लपवून ठेवला होता.

कमळाबाईनं खालून तिच्या पायाला हळूच हात लावला. बोल, म्हणून.

"इसू म्हणाली," ललिता म्हणाली.

हालेलुया झालं, टाळ्या झाल्या. मागं बसलेली एक म्हातारी हमसून रडायला लागली.

"आणखी काही, बहिणी?" पास्टरांनी मायेनं विचारलं.

"आणखी काही नाई. वाट पाह्यली तिनं. लय पाह्यली."

"आपण सगळेच त्याची वाट पाहून राह्यलो," पास्टर म्हणाले. त्यांनी इसरूला गुडघ्यावर बसवलं आणि सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं. जेवढ्यांचे पोचले तेवढ्यांचे हात त्याच्या डोक्यावर, खांद्यावर, पाठीवर आले.

ललितानं डोळे मिटले नाहीत. खांद्यावरचं पोर थोपटत ती नुसती उभी राहिली.

तेवढ्या हातांच्या खाली इसरूचेही डोळे उघडे होते. तो तिच्याकडंच पाहत होता, पुढचं काही बोलू नको म्हणून विनवावं तसं.

मग त्यानं डोळे गच्च मिटले, आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं आमेन म्हणाला.