दीर्घ आमी

फ्रेंचमध्ये मित्रालाही 'आमी' म्हणतात आणि मैत्रिणीलाही. पॅरिसमध्ये दोन्ही ऐकायला अगदी सारखेच. पॅरिसमध्ये राहणाऱ्या सोलाँजला ते फार सोयीचं पडलं. स्वित्झर्लंडमधल्या फ्रेंच बोलणाऱ्या खेड्यात राहणाऱ्या आईवडिलांना ती सहा वर्षं फोनवर सांगत होती, "मी माझ्या आमीबरोबर राहते. डोमिनिक नाव." डोमिनिक हे नावही पुरुषाचं असतं आणि बाईचंही.

शेवटी एका रविवारी ती डोमिनिकला घेऊन द्राक्षमळ्यातल्या घरी आली.

"आई, बाबा, ही डोमिनिक."

"ये गं पोरी, जेवण निवतंय," वडील म्हणाले.

सोलाँज जागची हलली नाही. "बाबा, ही बाई आहे."

"दिसतंय की. आणि सहा वर्षांपासून माहीतही आहे."

"कसं काय?"

"अगं, तुझ्या पॅरिसवाल्यांना नसेल कळत, पण आपल्याकडे मित्र असला तर 'आमि' ऱ्हस्व आणि मैत्रीण असली तर 'आमी' दीर्घ. पहिल्याच फोनवर तू ई एवढा लांबवलास, की मी रिसीव्हर कानापासून दूर धरला."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

एव्हाना आई डोमिनिकला टेबलाशी बसवून तिच्या ताटात सॉसेजचा मोठा तुकडा वाढत होती. तिने मान वर केली नाही.

"आम्हाला वाटलं, हिलाच आमच्यासारख्या खेडवळांकडे यायला नको वाटतंय."