शेवटचं प्रकरण

मनोरीच्या कोळीवाड्यात कृणालनं आपल्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण वाचून दाखवलं. नायक वादळात बुडणाऱ्या पोरांना एकेक करून होडीत चढवतो आणि स्वतः समुद्रात नाहीसा होतो. लोकांनी डोळे पुसत टाळ्या वाजवल्या. ही कृणालच्या बापाची, चंदरचीच गोष्ट होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

माणसं पांगल्यावर त्याची आई मंजुळा त्याच्याजवळ येऊन बसली.

"चांगलं लिवलंस रे. पण शेवटी त्याला घरी आण ना."

"आई, परत आला तर तो हिरो कसला?"

इतकी वर्षं गावही तिला हेच सांगत आलं होतं.

"नसता झाला हिरो," ती हळूच म्हणाली. "एखादं पोर तिथंच सोडून आला असता ना, तरी मी त्याला घरात घेतलं असतं."