दुसरी गाडी

रेल्वे फाटकाच्या दांड्याखालून यशश्रीने डोकं पुढे घातलंच होतं, तेवढ्यात मागून कुणीतरी तिचं मनगट घट्ट धरलं.

"ऊभा रहो, बेन."

फाटकाशी पेरूची टोपली घेऊन बसणारी बाई होती. तिशीचीही नसेल.

यशश्री बडोद्याहून रिक्षाने आली होती. कॉलेजात तास चालू असताना फोनवर बातमी झळकली होती, बाजव्याच्या पुढे एका कारखान्यात आग. तिचा नवरा उत्कर्ष तिथे सकाळच्या पाळीला होता आणि त्याचा फोन लागत नव्हता. ती मुलांना जुन्या प्रेमकथा शिकवत होती. या गोष्टींतली माणसं वैऱ्याच्या हातून क्वचितच मरतात, मरतात ती पळापळीत, असं नुकतंच सांगून झालं होतं. कुणाला वाटेत प्रेयसीचा पडलेला शेला दिसतो, ती मेलीच असं तो धरून चालतो आणि दोन माणसांना विचारायलाही थांबत नाही. पुस्तक तसंच उघडं टाकून ती स्वतः पळत सुटली होती.

मालगाडी निघून गेली तरी फाटक उघडेना, म्हणून ती रिक्षातून उतरली. आणि रुळांपलीकडे तिला उत्कर्ष दिसला. शर्ट काजळलेला, डोक्यावर कारखान्याचं हेल्मेट. त्यानेही तिला पाहिलं आणि तिकडच्या दांड्याखाली वाकला.

"छोडो," यशश्री हात हिसडत म्हणाली. "ए मारा वर छे."

"बीजी आवे छे," बाई म्हणाली. दुसरी गाडी येत होती. पकड तिने सोडली नाही.

शिट्टी कानावर आली तोवर पलीकडच्या रुळावर इंजिन आलंसुद्धा होतं. यशश्रीला शेवटचं दिसलं ते एवढंच, की उत्कर्षचा एक पाय फाटकाच्या आत होता.

डबे जातच राहिले. चाकांमधल्या फटींतून पलीकडचे पाय दिसत होते. त्यांतले त्याचे कुठले, ते ओळखू येईना. ती दांड्यावरून पुढे झुकली. बाईने दुसरा हात तिच्या कमरेभोवती टाकला आणि तिला उभं धरून ठेवलं.

शेवटचा डबा गेला.

उत्कर्ष दांड्याच्या पलीकडे उभा होता. दोन्ही हातांनी त्याने दांडा धरला होता.

फाटक उघडलं. तो चालत आला.

"तुला कुणीतरी धरलेलं दिसलं," तो म्हणाला. "म्हणून मी थांबलो."

"बाकीचे?"

"सगळे बाहेर आले. फोन आत राहिला माझा. तुला बाहेरून कळायच्या आधी कॉलेजात पोचायचं होतं."

बाईने यशश्रीचं मनगट अजून सोडलं नव्हतं. आता तिने ते उत्कर्षच्या हातात दिलं.

"मारो भाई ऊभो नहोतो रह्यो," ती म्हणाली. "आ ज फाटके."

तिचा भाऊ थांबला नव्हता. याच फाटकावर. ती हे अगदी साध्या आवाजात बोलली आणि आपली टोपली सारखी करायला वळली. ओढाताणीत टोपली कलंडली होती, चार-पाच पेरू रस्त्यावर घरंगळले होते.

यशश्री खाली वाकली. पेरू उचलायलाच वाकली असं बाईला वाटलं असावं. यशश्रीने तिच्या धुळीने भरलेल्या पायांवर डोकं ठेवलं.

"अरे बेन, हुं तो तमाराथी नानी छुं," आपण वयाने लहान म्हणून बाई संकोचून म्हणाली. मागे सरकायला तिला जागा नव्हती.

मागे रिक्षांचे हॉर्न वाजायला लागले. उत्कर्षने हात वर करून त्यांना थांबायला सांगितलं. यशश्रीला उठायची घाई नव्हती.