पायाखालचा बोल्ट

"दाबा," बॉनेटमध्ये डोकं घालून मिस्त्रीबाई म्हणाल्या.

टाकीवाल्याने ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन बंदच होतं. बाईंना फक्त इंजिनाला डिझेल सोडणाऱ्या पंपाचा दांडा किती फिरतो ते बघायचं होतं.

"पूर्ण दाबा."

"पूर्णच दाबलाय, ताई."

"मग दांडा अर्ध्यावर का थांबतोय?"

टाकीवाल्याने मान वळवून मागे पाहिलं. पिकअपच्या पाठीवर काठोकाठ भरलेली पाण्याची टाकी होती, आणि ती आज दुपारी टेकडीवरच्या शाळेत पोचायला हवी होती. इतकी वर्षं शाळेला अर्धी टाकी पुरायची आणि जुनी पिकअप कुरकुरत का होईना, ती वर न्यायची. आता शाळेत मुलं वाढली, भरलेली टाकी हवी झाली, आणि शेवटच्या वळणावर गाडीने दोनदा मान टाकली. आज नाही जमलं तर काम दुसऱ्याला देऊ, असं मुख्याध्यापकांनी अगदी गोड आवाजात सांगितलं होतं.

तीन गॅरेजं पालथी घालून झाली होती. पहिल्याने पंपाचा स्क्रू पिळून डिझेल वाढवलं. ताकद आली नाही, काळा धूर मात्र असा आला की मागचा सायकलवाला खाली उतरून शिव्या देत उभा राहिला. दुसऱ्याने टर्बोचे पाइप बदलले. तिसऱ्याने इंजिनावर नुसता हात ठेवला आणि हिचं वय झालंय, भंगारात काढा, असं सांगून टाकलं. म्हणून या चौथ्या दारात टाकीवाला जीव मुठीत धरून बसला होता.

शेजारच्या सीटवर त्याचे वडील होते. गाडी मूळची आप्पांची. कान गेल्यापासून ते कमीच बोलत, पण आज जरा जास्तच गप्प होते. बाई इंजिन सोडून केबिनच्या दाराशी आल्या, तसे ते खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर बघण्यासारखं एक जुनं टायर होतं.

बाईंनी पायाखालचं रबर उचललं. पेडलच्या बरोबर मागे पत्र्यातून एक जाड बोल्ट वर आला होता. नट घट्ट आवळलेला, वरून गाडीचाच रंग. पेडल जाऊन त्याच्यावर टेकत होतं आणि तिथेच अडत होतं.

"हा मूळचा नाही," बाई म्हणाल्या. "कुणीतरी मुद्दाम बसवलाय. आणि अगदी मन लावून."

टाकीवाल्याने आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी टायरकडे.

"आप्पा."

"अठरा वर्षांचा होतास तू," आप्पा शेवटी म्हणाले. "गाडी अशी पळवायचास की तू घरी येईपर्यंत तुझी आई जेवायची नाही. मी तरी काय करणार होतो?"

पुढचं सगळं त्यांनी टायरलाच सांगितलं. गाडी रंगवायला दिली होती तेव्हा गुपचूप बोल्ट बसवून घेतला. परत आल्यावर गाडी मंद वाटते अशी पोराने तक्रार केली, तर टर्बो थकला असेल म्हणून ठोकून दिलं. लग्न झालं की काढू, असं दोघा नवराबायकोचं ठरलं होतं. लग्न झालं तर सून शेजारी बसायला लागली. मग नात झाली. मग राहूनच गेलं. गाडी पहिल्यांदा वळणावर अडकली तेव्हा बोल्ट आठवला, पण इतक्या वर्षांनी सांगायला तोंड उघडेना. प्रत्येक गॅरेजात ते मनातल्या मनात म्हणत होते, याला तरी सापडू दे.

टाकीवाल्याला खरं तर चिडायचं होतं. सोळा वर्षं तो या गाडीची म्हातारीसारखी काळजी घेत आला होता, चढ आला की तिला चुचकारत होता. पण राग यायच्या आधी दुसरंच काहीतरी सुचलं.

"म्हणजे इंजिनाला काही झालेलं नाही?"

"इंजिन अजून दमलेलंच नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पाना मागितला.

टाकीवाल्याचा जीव भांड्यात पडला. त्याला हसू फुटलं, ते थांबेचना. काय झालं ते नीट ऐकू आलं नाही तरी आप्पाही हसले. बाईंनी बोल्ट काढून आप्पांच्या हातावर ठेवला आणि पहिल्या गॅरेजवाल्याने पिळलेला स्क्रूही जागेवर आणून दिला.

शेवटच्या वळणावर टाकीवाल्याने सवयीने पाय दाबला. जिथे रोज थांबायचा तिथे तो थांबला नाही, खालीच गेला. एक पायरी चुकल्यासारखं झालं. टर्बोने लांब शिटी दिली, धूर नावालाही नाही, आणि पिकअप भरल्या टाकीनिशी वळण घेऊन शाळेच्या फाटकासमोर येऊन उभी राहिली.

आप्पांचा फोन वाजला. ऐकू यावं म्हणून तो कायम स्पीकरवर असे, हे आईच्या मात्र कधीच लक्षात राहत नसे.

"पोचलात का?"

"पोचलो. टाकी वर आली."

"बरं झालं बाई." मग आईने आवाज एकदम खाली आणला. "अहो, तो बोल्ट आहे ना अजून?"

"काय?" आप्पांनी विचारलं.

टाकीवाल्याने सगळं स्वच्छ ऐकलं होतं. त्याने नुसतं आप्पांच्या मिटलेल्या मुठीवर बोट ठेवलं.

आप्पांनी मूठ उघडून बघितली.

"आहे," ते म्हणाले. "आत्ताच बघितला. तू जेवून घे."

फोनमधून ताट मांडल्याचा आवाज आला.