लेक काय म्हणते?

परदेशी माणसांना देशात राहू द्यायचं की नाही, हे साहेब ठरवायचे. खिडकीशी येईल त्याच्यावर खेकसायचे, “परत कधी जाणार? तुमच्यापायी आमच्या पोरांची भाषा बिघडली!” देश वाचवण्याच्या या धबडग्यात घरी जायला सवड कुणाला? त्यांची लेक तिला सांभाळणाऱ्या परदेशी मावशींच्याच अंगाखांद्यावर वाढली आणि त्यांच्याच भाषेत घडाघडा बोलू लागली.

एकदा साहेब चक्क दिवसाउजेडी घरी येऊन सोफ्यावर टेकले. पोरगी त्यांच्याकडे बोट दाखवून तावातावानं काहीतरी बोलली.

“मावशी, काय म्हणतेय हो माझी ठमी?” साहेबांनी कौतुकानं विचारलं.

मावशी चाचरल्या.



“विचारतेय, हे काका परत कधी जाणार?”