राहीबाईची गौर

राहीबाई उतारावर मधोमध फतकल मारून बसली ती उठायचं नावच घेईना. खाली राडारोड्यानं भरलेला टिपर घुरघुरत उभा होता. खाणीचा मुकादम आप्पासो आधी हात जोडून, मग आवाज चढवून थकला. शेवटी झाडांच्या पाहणीला आलेल्या वल्लरीकडं वळून म्हणाला, म्याडम, आता तुमीच काय ते सांगा.

वल्लरीनं काय सांगायचं, कपाळ! कोरेगावजवळची ही दगडखाण बंद होणार होती. भोवतीच्या माळावर मूळची झाडंझुडपं कोणती, ते तिनं बघायचं. जिथं काही उगवतं ती जागा राखायची, जिथं उगवत नाही तिथं राडारोडा लोटायचा, असं ठरलं होतं. पलीकडच्या अंगाला तिला हिवर सापडला, बोरी सापडल्या, वाळली कुसळं तर सलवारभर टोचली. या उतारावर मात्र मे महिन्याच्या उन्हात हिरवं म्हणून काही नव्हतं. नुसती माती आणि दगड.

आणि त्या मातीसाठी ही बाई टिपरला आडवी आलेली. वल्लरीचं डोकंच चालेना. मावशी, इथं कुठलं झाड येतं का, असं तिनं दोनदा विचारलं. राहीबाईनं दोन्ही वेळा मान हलवली. झाड न्हाई, झुडूप न्हाई, खोटं कशाला बोलू, म्हणाली. मग अडवता कशाला?

"हितनं माजी गौर येती. मला पोटची लेक न्हाई. वर्साला तीच तेवडी माहेरला येती. तिच्यावर दगड घालू नगा."

वल्लरीला हायसं वाटलं. हात्तिच्या, एवढंच होय! ती वाईची. तिची आई दर भाद्रपदात कृष्णेच्या काठावरून सात खडे वेचून आणी, तीच त्यांची गौर. तिनं मायेनं समजावलं, की खडे काय, माळभर पडलेत, हवे तेवढे वेचून घ्या. शिवाय खाली वाकून चांगले दोन खडे स्वतःच्या हातानं राहीबाईच्या ओंजळीत ठेवले. मिटलं म्हणून आप्पासोनं ड्रायव्हरला हात केला. टिपर राडारोडा ओतायला मागं मागं उताराकडं सरकू लागला.

राहीबाई खड्यांकडं बघत राहिली, मग वल्लरीच्या तोंडाकडं.

"ह्ये कशाला? खड्याला लुगडं कसं नेसवू?"

आता वल्लरी पुरती गोंधळली. मग तुमची गौर कशाची असते, तिनं विचारलं.

"तेरड्याची. भादव्यात ह्यो समदा उतार गुलाबी हुतो न्हवं का."

तेरडा पावसाळ्यापुरता. उन्हाळ्यात त्याचं नुसतं बी मातीत असतं, हे वल्लरीला कुणी सांगायला नको होतं. सकाळपासून ती त्याच मातीवरून हिंडत होती. ती धावत जाऊन टिपरच्या मागं हात पसरून उभी राहिली. टिपर थांबला, आप्पासोनं कपाळाला हात लावला.

धाप लागलेली वल्लरी परत आली. तिला राहीबाईचा रागही आला आणि रडूही. मघाशी दोनदा विचारलं, तेव्हा झाड नाही असं का सांगितलंत, म्हणाली.

राहीबाईनं ओंजळीतले खडे हळूच खाली ठेवले.

"आगं बाई, लेकीला कुनी झाड म्हंतंय व्हय?"