कबरीत उतरणारा माणूस

कासमचाचा कबरीच्या तोंडाशी बसले आणि कुणी हात द्यायच्या आत खाली उतरले. साठी उलटलेला माणूस. वरून मुलगा अरमान आणि त्याचा चुलतभाऊ मुनीर यांनी हुसैनमियाँची मय्यत सोडली. खालून कासमचाचांनी ती दोन्ही हातांवर झेलली, उजव्या कुशीवर निजवली आणि कफनाची गाठ सोडता सोडता रडू लागले.

“आपण घरचे असताना हा पाकिस्तानी कशाला?” मुनीर अरमानच्या कानाशी म्हणाला.

निघताना अम्मीने, कुबराने, अरमानला एवढंच बजावलं होतं, “कबरीत कासमभाई उतरतील. तुझ्या अब्बांनी तसं सांगून ठेवलंय.”

मस्कतजवळच्या अल अमेरातच्या बोडक्या डोंगरांमधलं ते कब्रस्तान उन्हाने तापलं होतं. मूठमूठ माती पडली. मवालेहच्या भाजीबाजारातले हमाल, गाळेवाले, दोन ओमानी व्यापारी, सगळे आले होते. जो तो एकच सांगत होता, घरासाठी असा झिजलेला माणूस पाहिला नाही.

ते खरंच होतं. हुसैनमियाँ हर्णैचे. तरुणपणी फौजेत होते. तिथे डावा हात गेला, पेन्शन घेऊन घरी आले आणि पुढे मस्कतला बाजारात कामाला लागले. कुबरा बाळंतपणात अंथरुणाला खिळली तेव्हा ते एका हाताने पीठ मळत. मुलगी सना शाळेत जायला लागली, तर तिच्या वेणीची रिबीन एक टोक दातात धरून बांधत. कुणी हाताचं विचारलं तर म्हणत, “फौजेचा ट्रक उलटला.” पुढे काही नाही. एकाहत्तरच्या लढाईच्या वेळी फौजेत असूनही अब्बांकडे सांगायला फक्त एक अपघात होता, याची लहानपणी अरमानला थोडी लाजच वाटायची.

कासमचाचा पाकिस्तानातल्या चकवालचे. तेही जुने फौजी, पण पलीकडचे. इब्रीला त्यांचा बकाला, म्हणजे छोटंसं किराणा दुकान. शुक्रवारी भाजी भरायला मवालेहला येत आणि दुपारी हुसैनमियाँकडे जेवून परत जात. वर्षानुवर्षं त्यात खंड पडला नव्हता.

दफन आटोपून सगळे घरी आले. शेजाऱ्यांनी जेवण पाठवलं होतं. कासमचाचा मात्र बाहेर जिन्याच्या पायरीवर बसून राहिले. अरमान आत गेला. कुबरा पांढरी ओढणी डोक्यावर घेऊन भिंतीला टेकून बसली होती.

“अम्मी, मुनीर रुसलाय. कासमचाचाच का?”

कुबराने दार लोटून घ्यायला सांगितलं.

“ते पहिल्यांदा आपल्याकडे जेवायला आले ना, तेव्हा फौजेच्या गोष्टी निघाल्या,” ती म्हणाली. “ते सांगायला लागले. कालव्याचा बांध होता, मागे वीटभट्टी. पहाटेचं धुकं. त्यातून एक हिंदुस्थानी जवान जखमी सोबत्याला पाठीवर घेऊन चालला होता. कासमभाईंनी मशीनगन चालवली. तो पडला. मग उठला आणि सोबत्याला एका हाताने ओढत न्यायला लागला. दुसरा हात नुसता लोंबत होता. ते बघून कासमभाईंचं बोट चालेना. म्हणाले, तो जगला की मेला, खुदा जाणे. अजून नमाजात त्याच्यासाठी दुआ मागतो.”

अरमान खाली बसला.

“तुझे अब्बा ऐकत होते. हातातला घास त्यांनी खाल्ला. म्हणाले, जगला असेल, कासमभाई. फौजेत असे पुष्कळ जगतात. लग्न झालं असेल, पोरंबाळं असतील. आणि त्यांच्या ताटात आणखी सालन वाढलं.”

“म्हणजे ट्रक...”

“ट्रक कधी उलटलाच नाही. लढाईचं कुणी विचारू नये म्हणून ते सगळ्यांना तसं सांगायचे. कासमभाईंनाही बाजारात तेच सांगितलं होतं.”

स्वयंपाकघरात सना भांडी लावत होती.

“मी म्हटलं होतं तुझ्या अब्बांना,” कुबरा म्हणाली, “सांगून टाका, तो जगलाय म्हणून. कासमभाईंच्या जिवाला बरं वाटेल. तर म्हणाले, बरं एक दिवस वाटेल. मग दर जुम्म्याला जेवताना माझी रिकामी बाही समोर दिसेल, आणि हा भला माणूस आपल्या घरी घास गिळू शकणार नाही. मी मेल्यावर मात्र त्यालाच कबरीत उतरव, म्हणाले. त्याने त्या दिवशी पुन्हा गोळी झाडली असती, तर अरमान कुठला आणि सना कुठली?”

अरमान उठला. त्याने एक ताट वाढून घेतलं आणि बाहेर पायरीवर कासमचाचांच्या शेजारी जाऊन बसला. त्यांच्या नखांत अजून कबरीची माती होती.

“बेटा,” चाचा म्हणाले, “तेरे अब्बा ने मेरी सारी लड़ाई सुनी. अपनी एक बात नहीं बताई. तुझे कभी कुछ बताया?”

अरमानने रोटी मोडून त्यांच्या हातात दिली.

“नहीं, चाचा. कुछ नहीं.”

चाचांनी मान हलवली. घास हातात तसाच होता. “अब इधर किस के पास आऊँगा मैं?”

“मेरे पास,” अरमान म्हणाला. “हर जुम्मे को. खाना यहीं खाना है, चाचा, अब्बा बोल के गए हैं.”